अक्कांनी गाडी बोलावली

सातारा ते आष्टा

साताऱ्याहून निघालो तेव्हा माझ्या अंगात चामड्याचं जाकीट होतं आणि डोक्यात एक भाषण होतं. जाकीट मुलानं वाढदिवसाला घेतलं होतं, भाषण मी स्वतः रचलं होतं. दोन्ही मला जरा घट्ट होत होती.

आधी गाडीविषयी सांगतो, म्हणजे पुढचा मूर्खपणा नीट समजेल. सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली. टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी, मागे निळा धूर सोडणारी, हल्ली रस्त्यावर क्वचित दिसणारी जात. माझी अडीचशे सीसीची. गिअरची दांडी आत दाबून वर उचलली की तीच किक होते. एवढ्यावर जाणकारांना गाडी ओळखू आली असेल. बाकीच्यांना नाव सांगून काही फरक पडणार नाही, असं माझ्या बायकोचं मत आहे आणि ते अनुभवाचं आहे.

गाडी मिळाली तेव्हा धडधाकट होती. ते मला बघवलं नाही. लांब सीट काढून मी एका माणसापुरती, मागे कुबड असलेली सीट बसवली. उंच हँडल काढून पुढच्या शॉकअपना दोन आखूड मुठी आवळल्या. त्यामुळे गाडी चालवताना मी रस्त्यावर पडलेलं नाणं शोधतोय असं लोकांना वाटतं. दोन मूळ सायलेन्सर गेले आणि त्या जागी पोटात फुगलेल्या नळ्या आल्या. त्यांनी म्हणे गाडीचा वेग वाढतो. आमच्या गल्लीत फक्त लोकांचा राग वाढला. सगळं झाल्यावर बायको म्हणाली, "दोघांची गाडी एकट्याची करायला इतके महिने लागले?"

तर या गाडीचा फोटो मी आमच्या टू-स्ट्रोकवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत जत तालुक्यात गेला आणि एक दिवस मंगल नावाच्या बाईंचा फोन आला.

"दादा, नंबर आमच्याच गाडीचा हाय. माझं बाबा मिल्ट्रीत हवालदार हुतं, त्यांची गाडी. बाबा आता न्हाईत. पण आईला फोटो दावला, तवापास्नं ती एकच म्हणती, त्यास्नी म्हणावं गाडी घिऊन या."

मला भरून आलं. पुढचं दृश्य फोन ठेवायच्या आत तयार झालं. एक वृद्ध वीरपत्नी टाकीवरून थरथरता हात फिरवते, पदरानं डोळे टिपते आणि मी चार शब्द बोलतो. चार शब्दांची पुढे चांगली मोठी जुळणी झाली. "ही गाडी माझी नाही, मी फक्त तिचा सांभाळ करतो आहे," अशी सुरुवात होती. कराडपर्यंत मी हेल्मेटमध्ये तिची तालीम करत होतो. मलकापूरच्या गर्दीत गाडी थांबली तेव्हा काच वर आहे हे विसरून मी मोठ्यानं म्हणालो, "ही गाडी माझी नाही." शेजारच्या स्कूटरवरचा माणूस "व्हय का?" म्हणाला आणि माझ्या नंबरप्लेटकडे बघू लागला.

इस्लामपूरनंतर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या मागे बांधून ट्रॅक्टर रस्त्यानं डुलत चालले होते आणि गाण्यांचा आवाज असा, की माझ्या नळ्यासुद्धा लाजल्या. इंजिनाची काळजी म्हणून मी पेट्रोलमध्ये ऑइल जरा सढळ हातानं घातलं होतं. एका ट्रॅक्टरवाल्याला मी ओलांडलं, मग दम लागून गाडी मंदावली, मग त्यानं मला ओलांडलं. जाता जाता ओरडला, "आवं, कारखान्याचं धुराडं घिऊन कुठं निगालाय?"

आष्ट्याच्या अलीकडे ती बंदच पडली. जास्तीच्या ऑइलनं प्लग काळाकुट्ट झाला होता. एका हॉटेलच्या पुढ्यात मी प्लग काढला. तो गरम असतो हे मला माहीत आहे. बोटांना ते दरवेळी नव्यानं सांगावं लागतं. मी हात झटकत नाचलो तेव्हा हॉटेलातली चार माणसं बाहेर आली. त्यांतले एक म्हातारबाबा गाडीभोवती फिरले, म्हणाले, "माझ्याकडं बी हुती ही. लय चांगली गाडी."

मी फुललो. "विकलीत का मग?"

"तुमच्यागत रस्त्याकडंला बसून बसून कंबार गेली," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

सांगली

सांगलीत कॉलेजातल्या मित्राकडे मुक्काम केला. त्याच्या बायकोनं माझं स्वागत केलं, पण गाडी गल्लीच्या टोकाला लावायला लावली. सकाळी तिनं ताटभर भडंग, म्हणजे तिखट लावलेले चुरमुरे, पुढ्यात ठेवलं. वर चिरलेला कांदा, कोथिंबीर. साताऱ्यात आम्ही पाहुण्याला पोहे देतो आणि तो पुरे म्हणाला की थांबतो. सांगलीत पुरे म्हणणं म्हणजे आणखी वाढा असा अर्थ होत असावा. मी भडंगानं ठासून भरलेलं पोट जाकिटात कोंबलं. वरची दोन बटणं लागली नाहीत ती पुढे सबंध प्रवासात लागली नाहीत.

मिरजेच्या पुढे हिरवा रंग हळूहळू मागे राहिला. कवठेमहांकाळ सोडल्यावर नुसता माळ. लांबवर पवनचक्क्या, मधेच डाळिंबाच्या बागा, शाळूची कणसं भरलेली रानं आणि रस्त्याच्या कडेनं मेंढरांचा कळप. आम्ही नदीकाठची माणसं. एवढं मोकळं आभाळ दिसलं की आपण काहीतरी थोर काम करायला निघालोय असं उगाच वाटतं. मी भाषणात आभाळावर एक वाक्य वाढवलं.

जतच्या पलीकडे

वस्ती एका चढावर होती. दोन पत्र्याची घरं, गोठा, कडुनिंब, आणि समोर क्रिकेटचं मैदान होईल एवढा रिकामा माळ. माझा आवाज बराच आधी पोहोचला होता, कारण सगळे बाहेर येऊन उभे होते. मंगलताई, त्यांचा नवरा बिरू, आणि दोन कुत्री. बिरू म्हणजे या घरचा जावई. अक्कांना, म्हणजे मंगलताईंच्या आईंना, मुलगा नाही, म्हणून तो इथंच राहून शेती बघतो. आडदांड, मिशाळ, आणि बोलायला एकदम मऊ.

"या सायेब. वाटंत तरास न्हाई न्हवं झाला?"

मी "छे छे" म्हणालो आणि भाजलेली बोटं खिशात घातली. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे आला. आमच्याकडे आधी चहा विचारतात, इथं आधी गूळ-पाणी.

मग अक्का आल्या. उंच, काटक बाई, पांढरे केस, नऊवारी, हातात काठी. गुडघे चांगलेच दुखत असावेत. मी हेल्मेट छातीशी धरलं आणि सुरुवात केली.

"अक्का, ही गाडी माझी नाही..."

"मग कुनाची?" अक्का म्हणाल्या.

"चोरीची हाय व्हय?" बिरूनं काळजीनं विचारलं.

भाषण तिथंच संपलं. अक्का गाडीभोवती सावकाश फिरल्या. टाकीवरून हात वगैरे फिरवला नाही. काठीनं माझ्या सीटला टोचून बघितलं.

"सीट कुठं गेली?"

"काढली."

"मोडली हुती?"

"नाही."

"आन हँडेल?"

"तेही काढलं."

"त्ये मोडलं हुतं?"

"नव्हतं."

"मग कशापायी काढलं?"

"स्टाईल म्हणून," मी म्हणालो. इतक्या बारीक आवाजात मी बँकेच्या ऑडिटलाही बोललो नव्हतो.

अक्कांनी लेकीकडे बघितलं. "आता मी चालवायची कशी ही?"

"कोण चालवणार?" मी विचारलं.

तेव्हा मंगलताईंनी सांगितलं. हवालदार सुट्टीवर आले की महिनाभर घरी, मग पुन्हा सरहद्दीवर. पहिल्याच सुट्टीत त्यांनी बायकोला गाडी शिकवली आणि नंतर ती खरी चालवली अक्कांनीच. डेअरीला दुधाची किटली, मंगलताईंची जतची शाळा, आजारी माणसं, सगळं या गाडीवरून. सुट्टीवर आलेले हवालदार मागे बसायचे. "बाबा बंदुकीला भ्यायचं न्हाईत, पण आईच्या मागं बसल्यावर डोळं मिटायचं," मंगलताई म्हणाल्या. गाडी विकली ती ते पेन्शनीत आल्यावर, घरात नवी गाडी आली म्हणून.

म्हणजे मी ज्यांना गाडी दाखवायला आलो होतो, त्यांना ती बघायची नव्हतीच. त्यांना ती हवी होती.

मंगलताई आईवर चिडल्या. "गुडघं बग तुजं! पडलीस म्हंजे?"

"गुडघं चालताना दुखत्यात. गाडी काय मी चालत न्हेनार हाय?"

बिरू मधे पडला. "फिरू दे की दोन गोल. माळ तर रिकामा हाय. किती वर्सांनी गाडी आलीया म्हातारीची." मग माझ्या आखूड मुठींकडे बघत म्हणाला, "पण ह्ये वाकून न्हाई जमायचं तिला. माझ्या गाडीचं हँडेल बसंल का ह्याला?"

बसलं. हँडल धरणारी वरची जुनी पकड मी काढली नव्हती, आणि केबली कापायच्या ऐवजी वळवून टाकीखाली कोंबल्या होत्या. हे काम मी आळसापायी केलं होतं, पण बिरूनं "बरं झालं राखून ठिवलं" म्हटल्यावर मी दूरदृष्टीनं मान हलवली. दुपारभर आम्ही दोघं निंबाखाली पाने-पकडी घेऊन बसलो. बिरूची गाडी हँडलाशिवाय शिंगं काढलेल्या बैलासारखी दिसू लागली. मी पुढच्या ब्रेकची केबल एकदा उलट बसवली, एकदा सुलट बसवून पुन्हा उलट केली. अक्का बाजल्यावर बसून शाळूचा हुरडा खात होत्या आणि मधूनमधून "झालं का?" एवढंच विचारत होत्या.

झालं. अक्कांनी काष्टा घट्ट केला, काठी मंगलताईंच्या हातात दिली, दांडी आत दाबली, वर उचलली आणि किक मारली. गाडीनं निळा धूर सोडला, कुत्री गोठ्यात पळाली आणि अक्का निघाल्या.

मी जाकीट घातलेलं पोट सांभाळत, सीटच्या कुबडाला धरून शेजारून पळत होतो. सुरक्षितता म्हणून. एक गोल झाला, दुसरा झाला. अक्कांनी गिअर बदलला आणि माझ्या हातात हवा राहिली. मी तोंडावर पडलो नाही, पण तो विचार मातीच्या फार जवळ जाऊन सोडून दिला. मान वर केली तेव्हा अक्का तिसऱ्या गोलाला न वळता सरळ रस्त्याला लागल्या होत्या. मग चढ ओलांडून दिसेनाशा झाल्या.

"आई!" मंगलताई ओरडल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या नळ्यांमुळे झाली. अक्का कुठं आहेत ते सगळ्या तालुक्याला ऐकू येत होतं. आवाज रस्त्यानं लांब गेला, डावीकडे वळला, परत जवळ येऊ लागला, आणि ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीवर बंद झाला. बिरूचा चेहरा उतरला.

"गंगव्वाकडं गेली," तो म्हणाला.

मग मंगलताईंकडून मला सगळं कळलं. पलीकडे गंगव्वा राहते, अक्कांची मैत्रीण, लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या माळावर आल्या. गंगव्वाच्या मुलानं, मल्लूनं, बिरूच्या बांधातून न विचारता पाण्याची पाइपलाइन नेली. बिरूनं ती उपसून टाकली आणि दोन वस्त्यांमधली पायवाट काटे टाकून बंद केली. दोघांचं बोलणं बंद झालं. रस्त्यानं जायचं तर लांबचा फेरा, आणि अक्कांचे गुडघे तेवढं चालू देत नव्हते. बिरू नेत नव्हता. त्याची गाडी बटणानं सुरू होते, ते अक्कांना पटत नव्हतं, आणि किल्लीही तो खिशात ठेवायचा. अक्कांना येत होती ती एकच गाडी. ती त्यांनी साताऱ्याहून बोलावून घेतली होती.

माझी छाती, जी भाषणासाठी फुगवून आणली होती, ती आपोआप खाली बसली. मी वीरपत्नीला मानवंदना द्यायला आलो नव्हतो. मी रिक्षा होतो.

"चला, आनूया तिला," बिरू म्हणाला आणि आपल्या गाडीकडे गेला. गाडीला हँडल नव्हतं. घरचा पिकअप टेम्पो डाळिंबं घेऊन सांगलीला गेला होता.  मग बिरू पायवाटेनं खाली निघाला, मी मागोमाग.

काटे त्यानं स्वतःच टाकले होते, आणि काम चोख केलं होतं. बाभळीच्या फांद्या एकीत एक अडकवलेल्या. तो ओढू लागला, तळहातात काटा घुसला, त्यानं शिवी दिली ती कुणाला ते स्पष्ट झालं नाही. मी जाकिटाच्या बाहीनं दुसरं टोक धरलं. बाही फाटली, पण माणूस जाईल एवढी फट झाली, मग बैल जाईल एवढी.

गंगव्वाच्या अंगणात दोघी म्हाताऱ्या एका बाजल्यावर बसल्या होत्या. ठेंगणी, गोल गंगव्वा अक्कांचा हात दोन्ही हातांत धरून अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत होती आणि रडत होती, आणि अक्का तिला "गप गं, गप" म्हणत स्वतःही डोळे पुसत होत्या. मी मनात रंगवलेलं दृश्य जसंच्या तसं घडत होतं. त्यात फक्त मी आणि गाडी नव्हतो.

मला बघून गंगव्वा "बा, बा, कूत्को" म्हणाली आणि पोत्यावर हात थोपटला, त्यावरून मी बसलो. मल्लू दारात हाताची घडी घालून उभा होता. बिरू अंगणाच्या कडेला उभा राहिला, एक पाय बाहेर ठेवून.

"सायेब," मल्लू माझ्याकडे बघत म्हणाला, "ह्यास्नी म्हणावं, च्या घ्या."

"सायेब," बिरू माझ्याकडेच बघत म्हणाला, "त्यास्नी म्हणावं, आत्ताच झालाय."

दोघं एकमेकांपासून दहा पावलांवर होते आणि मराठीच बोलत होते. तरी मी दोन्ही निरोप पोचवले. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

"अक्का, चला घरला," बिरू म्हणाला.

"आज ऱ्हातो मी हितं. सकाळी येतो."

या भागातल्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलतात. माझ्या सातारी कानाला ते आधी चुकल्यासारखं वाटलं होतं. आता अक्कांच्या तोंडी ते अगदी बरोबर वाटलं.

"आवं पण लोक काय म्हणतील?"

"कुंपण तू घाटलंस, मी न्हाई घाटलं."

 मी हळूच गाडीच्या किल्लीचं विचारलं. अक्कांनी ती कनवटीला लावली होती. "सकाळी देतो," त्या म्हणाल्या.

घरी परत आल्यावर मंगलताईंनी हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी वाढली. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची गरम, तिखट पेज. साताऱ्यात आम्ही हुलगे बैलांना घालतो, असं मी उत्साहात सांगून बसलो. त्यानंतर जेवण शांततेत झालं. बिरूनं शेवटी एवढंच विचारलं, "लय लांबचा फेरा पडत हुता व्हय तिला?" मंगलताई म्हणाल्या, "तुमी कवा चालून बगितलाय?"

दुसरी सकाळ

सकाळी पलीकडच्या टेकडीवरून माझ्या नळ्या ऐकू आल्या. बिरू म्हणाला, तिकडं बिरोबाचं देऊळ आहे. मग आवाज उताराला लागला, वाढत गेला, खोकला आणि बंद पडला. पेट्रोल संपलं असणार. सांगलीत टाकी भरायची राहिली होती, भडंगाच्या नादात.

आम्ही चढाच्या टोकाला गेलो. खाली पायवाटेनं गाडी येत होती. अक्का वर बसून हँडल धरून होत्या, मल्लू मागून ढकलत होता आणि गंगव्वा घडी केलेली वाकळ काखेत मारून चालत होती. माझ्या सीटच्या कुबडावर ती वाकळ बांधून दोघी देवाला जाऊन आल्या होत्या.

काट्यांच्या फटीपाशी मल्लू थांबला. पुढचं रान बिरूचं. वर बिरू उभा होता, तोही हलेना. अक्का मधोमध गाडीवर.

गाडी माझी, म्हणून मी खाली धावलो आणि एकट्यानं ढकलायला लागलो. गाडी हातभर पुढे गेली, मग दोन हात मागे आली, आणि मी बसलो तो काट्यांवर.

"एकल्याचं काम न्हाई त्ये," अक्का म्हणाल्या. "बिरू, ये खाली. मल्ल्या, तू का रं थांबलास?"

दोघं आले. एक या बाजूला, एक त्या बाजूला. चढ चांगला खडा होता. एकमेकांकडे न बघता दोघांनी खांदे लावले, आणि अर्ध्या वाटेत चाक दगडाला अडलं तेव्हा दोघांच्या तोंडून एकदमच "हां, दाब!" निघालं.  मी मागून हेल्मेट घेऊन चालत होतो आणि काटे काढत होतो.

वर आल्यावर दोघं धापा टाकत उभे राहिले. बिरू मिशीवरचा घाम पुसत टाकीकडे बघून म्हणाला, "पेट्रोल हाय का रं तुझ्याकडं?"

मल्लूही टाकीकडेच बघत होता. "हाय. आनतो," म्हणाला आणि फटीतून खाली निघाला. तो ओढ्यापर्यंत पोचला असेल, तेवढ्यात बिरूनं हाक मारली, "मल्ल्या, थांब! कॅन घिऊन येतो मी." आणि तो मागे धावला.

मंगलताईंनी गंगव्वाला आत नेलं. मग बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "उतर आता. च्या झालाय."

"हितंच आन," अक्का हँडल न सोडता म्हणाल्या. "पेट्रोल येऊ दे."